उड्डाण प्रशिक्षणातील प्रगती-नोंद व प्रशासन (लष्करी)

लष्करी वैमानिक घडवताना प्रत्येक प्रशिक्षणार्थी कोणत्या टप्प्यावर आहे, त्याचे पुढचे उड्डाण कोणते, ते कोणत्या शिक्षकाबरोबर व कोणत्या विमानात, आणि मागचे अडले असेल तर नेमके कशामुळे, याचा रोजच्या रोज मांडला जाणारा हिशेब. एका उड्डाणाला ‘सॉर्टी’ म्हणतात आणि सगळा हिशेब सॉर्टींत चालतो. तासांची बेरीज मागून येते. कोकण किनाऱ्यावर या हिशेबाला एक जादा रकाना लागतो, तो पावसाळ्याचा.

पद्धतशीर उड्डाण शिक्षणाची सुरुवात १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी केली, असे सामान्यतः मानले जाते. दुहेरी नियंत्रणाचे (शिक्षक व विद्यार्थी दोघांनाही चालवता येणारे) विमान आणि हवेतच समजावून सांगणारा शिक्षक ही त्यांची देणगी. शिक्षण ठरावीक धड्यांत बांधले गेले, तेव्हाच ‘कोणाचा कितवा धडा झाला’ हा प्रश्न आणि त्याबरोबर कागद आला. भारतात उड्डाण शिक्षक (क्यूएफआय) तांबरम येथील हवाई दलाच्या संस्थेत तयार होतात. विमान शिकवण्याइतकेच विद्यार्थ्याबद्दल लिहिणे हेही त्यांना शिकावे लागते.

कोकणातील स्थान : किनाऱ्यावरील लष्करी उड्डाणाचे मुख्य केंद्र म्हणजे गोव्यातील दाबोळीचा नौदल तळ, आयएनएस हंसा. येथे येणारा वैमानिक कोरी पाटी नसतो. त्याचे प्राथमिक शिक्षण हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीसारख्या ठिकाणी झालेले असते. हेलिकॉप्टरचे वैमानिक तामिळनाडूत अरक्कोणमला आणि निरीक्षक (विमानातील दिशादर्शन व उपकरणे सांभाळणारे अधिकारी) कोचीला तयार होतात. हंसावर मिग-२९के या लढाऊ विमानांचे ३०३ क्रमांकाचे स्क्वाड्रन ११ मे २०१३ रोजी सुरू झाले. विमानवाहू नौकेवर उतरण्याचा सराव जमिनीवरच करता यावा म्हणून येथे स्की-जंप (उड्डाणासाठी टोकाशी वर वळलेली धावपट्टी) आणि उतरणाऱ्या विमानाला अडवणाऱ्या तारांची सोय आहे. तेजसच्या नौदल आवृत्तीने १३ सप्टेंबर २०१९ रोजी तार पकडून पहिले लँडिंग केले ते येथेच. अशा प्रशिक्षणात प्रत्येक लँडिंगला डेकजवळ (विमान उतरते त्या पट्टीजवळ) उभा असलेला लँडिंग सिग्नल अधिकारी वेगळा शेरा देतो. त्यामुळे एकाच सॉर्टीच्या पाच-सहा नोंदी होतात. सांगायचा मुद्दा असा, की विद्यार्थ्याच्या प्रगतीच्या नोंदींचा फोल्डर तीन-चार तळ फिरून आलेला असतो. तो विद्यार्थ्याच्या आधी पोचला पाहिजे. नाही पोचला, तर नवा शिक्षक पहिल्या चार सॉर्टी आधीच्याला ठाऊक असलेली गोष्ट शोधण्यात घालवतो.

कागद चार, प्रश्न चार : ऑथरायझेशन बुक उड्डाणाआधी भरले जाते. कोण, कोणता सराव, किती वेळ आणि कोणाच्या परवानगीने, हे त्यात असते. सहीशिवाय चाके हलत नाहीत. फॉर्म ७०० विमानाचा असतो. कोणती दुरुस्ती झाली, कोणता दोष पुढे ढकलला, इंधन किती, हे वाचून वैमानिक विमान ताब्यात घेतो. लॉगबुक वैमानिकाचे स्वतःचे. महिनाअखेर बेरीज करून ते फ्लाइट कमांडरपुढे सहीला जाते. प्रगतीचा फोल्डर प्रशिक्षणार्थ्याचा असला तरी लिहायचा शिक्षकाने. उड्डाणाची वेळ चारही ठिकाणी एकच असायला हवी. एकाने चाके हलल्यापासून मोजली आणि दुसऱ्याने जमीन सुटल्यापासून, तर दर सॉर्टीला पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो आणि महिनाअखेरीस दोन तास कुठे गेले याचा शोध लागत नाही. हा घोटाळा कंटाळवाणा खरा, पण विमानाची तपासणी तासांवर ठरते, म्हणून तो केवळ कारकुनी राहत नाही.

शेरा कसा असावा : गुणांचा आकडा सोपा, वाक्य अवघड. अमेरिकी नौदलात शिक्षकागणिक बदलणारे गुण एका मापात आणण्यासाठी सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० असलेली श्रेणी वापरतात. लहान तुकडीत असे संख्याशास्त्र फारसे कामाचे नाही. तेथे वाक्यच बोलते. ‘फायनलचे वळण (उतरताना धावपट्टीसमोर येण्याचे शेवटचे वळण) कच्चे’ हा शेरा पुढच्या शिक्षकाला काहीच सांगत नाही. ‘फायनलच्या वळणात वेग ठरल्यापेक्षा १० नॉट्सने कमी, पहिल्या फेरीत सांगितल्यावर सुधारला, तिसऱ्या फेरीत न सांगता’ या शेऱ्यात चूक, तिचे माप आणि ती कोणी पकडली, हे तिन्ही आहे. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण सोलोला (शिक्षकाविना एकट्याने उडायला) पाठवायचे की नाही हे त्यावरच ठरते. शेरा त्याच दिवशी, डीब्रीफिंगनंतर (उड्डाणानंतरच्या चर्चेनंतर) लगेच लिहायचा. शुक्रवारी बसून आठवड्याचे शेरे लिहिणाऱ्याच्या फोल्डरमध्ये सगळे विद्यार्थी सारखेच दिसू लागतात. संगणकावर तयार वाक्ये निवडायची सोय आली, तेव्हापासून हा रोग वाढलाच आहे.

आणखी एक खोड म्हणजे काठावरच्या सॉर्टीला ‘समाधानकारक’ म्हणून पुढे ढकलणे. शिक्षकाला मुलगा आवडतो, वेळापत्रक मागे पडलेले असते, आणि एक सॉर्टी वाचते. ही उधारी फॉर्मेशन (अनेक विमानांनी जवळजवळ उडणे) किंवा रात्रीच्या उड्डाणाच्या टप्प्यावर व्याजासकट वसूल होते.

तुकडीचे गणित : समजा १२ प्रशिक्षणार्थी आहेत आणि प्रत्येकाला ६० सॉर्टी. म्हणजे ७२० सॉर्टी. पुन्हा कराव्या लागणाऱ्यांसाठी दहा टक्के धरून ७९२. कामाचे दिवस १०० आणि त्यातला चौथा हिस्सा हवामान, सुट्ट्या, पाहुण्यांच्या भेटींत गेला, तर उरले ७५. रोज साधारण ११ सॉर्टी. दाबोळीची धावपट्टी नागरी विमानांनाही लागते. तेथे अनेक वर्षे कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते एक ही वेळ नौदलाच्या उड्डाणांसाठी राखलेली होती, म्हणजे साडेचार तास. ५० मिनिटांची सॉर्टी आणि इंधन, तपासणी, बदली यांची ४० मिनिटे धरली, तर दिवसात तीन फेऱ्या बसतात. फेरीला चार विमाने, एक राखीव. पहाटे रांगेत पाच हवीत. शंभरातली साठच विमाने उडण्याजोगी असतात असे धरले, तर ताफ्यात नऊ. खाऱ्या हवेत हा साठाचा आकडा टिकवणेही सोपे नाही. समुद्रावर कमी उंचीवरून उडून आलेले विमान गोड्या पाण्याने धुवावे लागते, इंजिनाचा कॉम्प्रेसर धुवावा लागतो, आणि दुर्लक्ष झाले की जोडांशी गंज धरतो.

आता हीच तुकडी जूनमध्ये आली असे धरा. वाया जाणारे दिवस पंचवीसवरून साठावर गेले, तर उरतात चाळीस. रोज २० सॉर्टी आणि फेरीला सात विमाने लागतात. शिक्षक किंवा विद्यार्थी कितीही चांगले असोत, हे जमत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला तुकडी सुरू करून मेअखेर मोकळी करणे हा किनाऱ्यावरचा शहाणपणा; पण तुकडी केव्हा सुटते हे आधीच्या अकादमीवर ठरते आणि तिला कोकणातला पाऊस दिसत नाही.

का अडले, हे लिहिणे : दिवस वाया गेला एवढी नोंद पुरत नाही. हवामान, विमान, शिक्षक, धावपट्टी, वैद्यकीय आणि विद्यार्थी अशी कारणे वेगळी ठेवावी लागतात, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. पावसाळ्यात सर्दीने कानांना दडे बसले, तर हवेचा दाब बदलताना कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर विद्यार्थ्याला जमिनीवर ठेवतात. ही वैद्यकीय गैरहजेरी आळसाच्या रकान्यात जाता कामा नये. गणपतीत कार्यशाळेतले निम्मे लोक गावी गेले, तर तो विमानांचा तुटवडा ठरतो. चवथीची तारीख ज्याच्या वेळापत्रकात नाही, त्याने कोकणात वेळापत्रक लावू नये.

वाऱ्याचे एक उदाहरण. दाबोळीची धावपट्टी ०८/२६ (८० आणि २६० अंश), म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम. पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेचा असल्याने तो बराचसा समोरून मिळतो. कोरड्या दिवसांत दुपारी मात्र समुद्रावरचा वारा वायव्येकडून येऊ लागतो. ३१० अंशांवरून १५ नॉट्स वारा असेल, तर धावपट्टीशी ५० अंशांचा कोन होऊन आडवा वारा साधारण साडेअकरा नॉट्स भरतो. सोलोची मर्यादा दहा ठेवलेली असेल, तर त्या फेरीत सोलो रद्द, ड्यूअल (शिक्षकाबरोबरचे उड्डाण) चालू. वेळापत्रक लावणारा हे जाणून सोलो पहिल्या फेरीत आणि ड्यूअल शेवटी ठेवतो. मग फोल्डरमध्ये ‘सोलो रद्द, वारा’ अशा ओळींची रांग लागत नाही.

मागे पडलेल्याची वाट : अपयशी सॉर्टीनंतर जादा ड्यूअल मिळतात. त्या संपल्या तरी जमले नाही, तर आधी शिक्षक बदलतात. ही पायरी कोणी गाळू नये, कारण दोघांचे सूर न जुळणे हेही खरे कारण असते. मग फ्लाइट कमांडरची तपासणी, त्यानंतर मुख्य उड्डाण शिक्षकाची, आणि शेवटी निर्णय देणारे मंडळ. मंडळ प्रशिक्षणार्थ्याला क्वचितच उडताना पाहते. ते फोल्डर वाचते. एकोणीस सॉर्टींवर ‘ठीक’ आणि विसाव्यावर ‘अयोग्य’ असे लिहिले असेल, तर मंडळापुढे अडचणीत विद्यार्थी नसतो, शिक्षक असतात. प्रत्येक पायरीवर इशारा लेखी देऊन विद्यार्थ्याची सही घ्यावी.

पावसानंतरची सुरुवात : आरंभीच्या टप्प्यात आठवडा-दहा दिवसांचा खंड पडला, तरी अनेक ठिकाणी सोलोआधी तपासणीची ड्यूअल लागते; महिन्याच्या खंडाचे तर बोलायलाच नको. आधी शिक्षक आपापसांत उडतात, मग ड्यूअल, मग सोलो. जेथे थांबला तेथून पुढे न नेता विद्यार्थ्याला त्याच्या शेवटच्या उत्तीर्ण सरावाच्या एक-दोन पायऱ्या मागून सुरू करतात, आणि या सॉर्टी ‘पुन्हा’ म्हणून न मोजता ‘खंडानंतर’ अशा वेगळ्या खुणेने मोजतात. नाहीतर पावसाचे अपयश मुलाच्या नावावर चढते. याच दिवसांत सड्यावर (कातळाच्या पठारावर) गवत उंच, कीटक भरपूर आणि त्यांच्यामागे पक्षी असतात. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रशिक्षणावरील मिग-२९केचे दोन आसनी विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडून वेर्ण्याजवळ कोसळले. दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ब्रीफिंगमध्ये हवामानानंतर लगेच पक्ष्यांचा तक्ता वाचतात, आणि घारी धावपट्टीवर घिरट्या घालत असतील तर पहिली फेरी अर्धा तास मागे घेऊन रकान्यात ‘धावपट्टी’ असे लिहितात.