हाड जुळलं, कूर्चेचं काय?

रिंग रोडवर स्कूटर घसरून आमच्या शेजारच्या काकांच्या खांद्याची खोबण मोडली. तीन महिन्यांनी एक्स-रे हातात घेऊन ते म्हणाले, "हाड जुळलं, खांदा पहिल्यासारखा झाला." इथेच आपण फसतो. एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडावर असलेलं गुळगुळीत आवरण, दिसत नाही.

ही खोबण म्हणजे फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाची उथळ बशी. बशीवर आपलं नागपुरी संत्रं ठेवा, तसा तिच्यावर दंडाच्या हाडाचा गोळा टेकतो. बशी उथळ म्हणूनच हात चहूकडे फिरतो. संत्रं घरंगळू नये म्हणून कडेला चिवट तंतूंची किनार असते आणि खांद्याभोवतीचे 'रोटेटर कफ' नावाचे चार स्नायू गोळ्याला बशीत दाबून धरतात.

बशीवर कूर्चेचा पातळ थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. मग तिला अन्न कोण देतं? हालचाल. कूर्चेतल्या प्रोटिओग्लायकन रेणूंवर ऋण भार असतो. तो सोडियमचे आयन ओढतो, आयनांमागोमाग पाणी येतं. कूर्चेचा ७० ते ८० टक्के भाग पाणीच. दाब पडला की पाणी बाहेर, दाब सुटला की सांध्यातलं वंगण पोषण घेऊन आत. टाईप २ कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची जाळी हा फुगवटा आवरून धरते. मला शरीरातली ही सर्वांत देखणी रचना वाटते.

फ्रॅक्चरमध्ये ही जाळी फाटते. खालच्या हाडाच्या मज्जेतल्या पेशी वर येऊन भेग बुजवतात, पण मुख्यतः टाईप १ कोलॅजनने. हे ठिगळ मूळ कूर्चेइतकं दाब सोसत नाही. त्यात तुकडे वरखाली जुळले, तर पायरीच्या कडेवर सगळा भार येतो आणि तिथल्या पेशी मरतात. म्हणून पायरी ४-५ मिलिमीटरहून मोठी असली किंवा गोळा मधोमध टिकत नसला, तर सर्जन ऑपरेशनचा विचार करतात.

मालिश करून 'हाड बसवणारे' आणि एका इंजेक्शनात कूर्चा पूर्ववत उगवेल म्हणणारे, दोघांपासूनही लांब राहा. अशी कूर्चा परत आणणारं औषध आजही नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की वाकून हात लोंबता सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा. महिनोन् महिने झोळीत ठेवलेला खांदा आखडतो आणि कूर्चाही उपाशी राहते.

कूर्चेत नसा नसल्यामुळे सुरुवातीची झीज दुखत नाही. सांधेदुखी पुढे कित्येक वर्षांनीही उपटू शकते. कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवून पाहा. पूर्वीपेक्षा कमी वळू लागला, तर दुखण्याची वाट न पाहता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. काकांना मी हेच करून दाखवलंय.