भाव, भोंगा आणि नगर परिषद

विदर्भातल्या तालुक्याच्या गावात सकाळी सात-साडेसातला नगर परिषदेची घंटागाडी येते, कचरा काढायला सांगणारं गाणं लावून. ती कोपऱ्यावरून वळते न वळते तोच एक मालवाहू ऑटो शिरतो आणि त्याच्या टपावरचा भोंगा सुरू होतो: "कांदे घ्या, शंभरला पाच किलो, गावरान लसूण घ्या." उन्हाळ्यात यात तिसरा आवाज मिसळतो, उद्या अमक्या वार्डात नळ येणार नाही म्हणून सांगणारा. तिन्ही आवाज आधीच भरून ठेवलेले असतात. ड्रायव्हर तोंड मिटून स्टेअरिंग धरून बसलेला असतो.

हे सगळं गेल्या दहा-बारा वर्षांतलं. बाजार, नगरपालिका आणि मुद्रित आवाज यांची सोयरीक मात्र फार जुनी आहे, आणि ती कापसाच्या पैशावर जमली.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि कापसाला मुंबईची वाट सापडली. आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा गावी १८८६ साली कापसाचा नियमित बाजार सुरू झाला. देशातल्या अशा पहिल्या बाजारांत त्याचं नाव घेतलं जातं. १८९७ मध्ये खास वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. अडत्या, मापारी, काटे यांना परवाने आणि नियम लागले. मालाचा भाव मात्र पुढेही बराच काळ रुमालाखालीच ठरत राहिला. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत आणि आकडा ठरवत. याला 'हत्ता' म्हणत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल बघत असे. मोठ्याने बोली लावून उघड लिलाव करायचा हा दंडक पक्का व्हायला १९६३ चा राज्याचा बाजार समिती कायदा आणि त्यानंतरची काही वर्षं जावी लागली. आपल्याकडे नागरी सुधारणा म्हटलं की रस्ता, दिवा, नळ एवढंच डोळ्यांपुढे येतं. माझ्या मते चारचौघांत भाव मोठ्याने बोलला जाणं ही त्याच तोलाची सुधारणा आहे.

सरकारी निरोप त्या काळी दवंडीने जात. कोतवाल, म्हणजे गावचा सरकारी चाकर, डफडं वाजवत येई, चौकात थांबे, सारा भरायची तारीख किंवा पटकीची लस टोचण्याचा दिवस सांगे आणि पुढच्या चौकात जाई. हे काम जातीने ठरलेलं होतं आणि ते करणाऱ्याच्या वाट्याला मान नव्हता, हे विसरून दवंडीच्या गोड आठवणी काढणं बरं नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्याच्या आगेमागे विदर्भातल्या अनेक गावांत महार समाजाने डफडं खाली ठेवलं. ही गोष्ट पुढे कॅसेटपाशी पुन्हा येईल. एक मात्र खरं की दवंडीवाल्याला थांबवून विचारता येत असे: कोणत्या आळीत, किती वाजता, कागद कोणता आणायचा? त्याला माहीत असलं तर तो सांगे, नसलं तर तसं सांगे.

भारतात तबकडीवर आवाज मुद्रित होऊ लागला तो १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीच्या लोकांनी त्या वर्षी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. काही वर्षांतच तबकड्या इथेच, कलकत्त्याला छापल्या जाऊ लागल्या. या तबकड्यांशी पूर्व विदर्भाचं नातं ऐकण्यापेक्षा मालाचं जास्त होतं. त्या काळची तबकडी लाखेची असे. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे लाख करतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा करायचा आणि त्यात दगडाची भुकटी व काजळी मिसळून तबकडी दाबायची. गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यात लाख निघे आणि गोंदिया ही तिची नावाजलेली बाजारपेठ होती. जगभरचे तबकडीचे कारखाने हे भारतीय लाखेचं मोठं गिऱ्हाईक. म्हणजे जंगलातली लाख गोळा करणाऱ्याने तबकडीचा कच्चा माल विकला, पण ती वाजवायचं यंत्र त्याच्या घरी येणं अवघड होतं. ते आलं जिनिंगवाल्यांच्या, मालगुजारांच्या, देशमुखांच्या वाड्यात. चावी द्यायची, सुई बदलायची, की एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं. हातातून पडली की तबकडीचे तुकडे.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं आणि १९५७ पासून विविध भारती ऐकू येऊ लागली. रेडिओला तेव्हा लायसन्स लागे. घरोघरी रेडिओ नव्हते तोवर ग्रामपंचायतीचा किंवा वाचनालयाचा रेडिओ हीच गावाची सोय होती. संध्याकाळी शेतीचे बाजारभाव आणि मग गाणी, एकाच पेटीतून. लग्नाकार्यात आहुजाचा भोंगा बॅटरीवर चालू लागला होता. सिनेमाची जाहिरात टांग्यावर भोंगा बांधून फिरे. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळींची जाहिरात अशीच गावोगाव जाई. या जंगलपट्ट्यात, झाडीपट्टीत, ती अजून जाते, फक्त गाडी बदलली.

खरी उलथापालथ कॅसेटने केली. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बाजारात आणली, पण आपल्याकडे ती हातोहाती खेळू लागली ती ऐंशीच्या दशकात. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांची टी-सीरिज कंपनी उभी राहिली आणि तिने कॅसेट गाण्याच्या दुकानातून काढून किराण्याच्या आणि पानाच्या दुकानात नेली, किंमत पाडून. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेटचं मास्टर एकदा हातात आलं की चार-पाचशे प्रती कोणीही काढू शके. त्यामुळे ज्यांच्या गाण्याला मोठ्या कंपनीने कधी विचारलं नसतं, ते सगळे आले. खंजेरी भजनं आली, वऱ्हाडी विनोद आले, आणि सगळ्यांत जोराने भीमगीतं आली. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी रचलेली, कव्वालीच्या ठेक्यावर बांधलेली ही गाणी दीक्षाभूमीच्या परिसरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला टोपल्यांनी विकली गेली आणि तिथून मुक्कामाच्या एसटीने गावोगाव पोचली. डफडं ज्यांनी खाली ठेवलं होतं, त्यांच्या मुलांनी हप्त्याने टेप घेतला. चौकातला आवाज आता त्यांचा होता, आणि त्यात काय सांगायचं हे ठरवणारेही तेच होते. विदर्भाच्या संगीताचा इतिहास लिहिताना हा भाग तळटिपेत टाकला जातो. तो मधोमध हवा.

आठवडी बाजारात कॅसेटवाल्याची जागा ठरलेली असे. ताडपत्रीवर कॅसेटची उतरंड, शेजारी मिरच्यांचा ढीग, मागे डबल कॅसेटचा टेप आणि गाडीच्या बॅटरीला जोडलेला भोंगा. गिऱ्हाईक म्हणे, "लावून दाखव ना बावा." तो लावून दाखवी. रीळ घसरलेली निघाली तर पुढच्या बाजारी बदलून देई. भावही करता येई. संध्याकाळ झाली, माल गुंडाळायची वेळ आली की दोन घेतल्या तर तिसरी अर्ध्या किमतीत पडे. दुकानांत कोऱ्या कॅसेटमध्ये आवडीची गाणी भरून मिळत, यादी लिहून द्यायची. पुढे तेच काम मोबाइलच्या दुकानांनी मेमरी कार्डावर केलं. पाटीही तीच राहिली, 'गाणी भरून मिळतील'.

या कॅसेटवाल्याकडूनही बाजारचिठ्ठी फाडली जाई, मिरचीवालीकडूनही. बाजाराचा हर्रास हे लहान नगर परिषदांचं आणि ग्रामपंचायतींचं हक्काचं उत्पन्न. वर्षाला बोली लागते, ठेकेदार रक्कम भरतो आणि बसणाऱ्या प्रत्येकाकडून वसूल करतो. दुसरं उत्पन्न होतं जकात. गावाच्या वेशीवर नाका, तिथे तेलाचे डबे, साखरेची पोती मोजली जात. गावातला किराणा नाक्याबाहेरच्या दुकानापेक्षा थोडा महाग पडे आणि त्याच पैशातून रस्त्यावरचे दिवे लागत. १९९९ मध्ये नगर परिषदांच्या हद्दीतली जकात उठली. व्यापारी खूष झाले, पण तेव्हापासून नगर परिषदांचं तोंड सरकारी अनुदानाकडे वळलं ते वळलंच.

किराण्यातली घासाघीस म्हणजे किलोमागे चार आणे कमी करणं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. कापसाच्या मुलखात खरा सौदा मुदतीचा होता. पेरणीला जून-जुलै, पहिला वेचा दसरा-दिवाळीला. मधले महिने शेठच्या वहीवर. १९७२ साली राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, म्हणजे कापूस सरकारनेच विकत घ्यायचा, तेव्हा पडीच्या भावाची भीती कमी झाली, पण चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हाती येईपर्यंत वाट बघणं आलं. शेठ थांबला तर घर चाललं. थांबण्याची किंमत तो डाळीच्या भावात धरे, आणि हे दोघांनाही ठाऊक असे. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले तरी म्हाताऱ्या माणसांची जीभ पायली-कुडवावरून हलायला कितीतरी वर्षं गेली. १९९० पासून पाकिटावर कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं. छापील किमतीने फसवणूक कमी झाली यात वाद नाही. पण ती किंमत दाखवून 'शेठ, यंदा पाणी नाही' असं काही सुरू करता येत नाही. रेशनमध्ये तर तो प्रश्नच नव्हता. २०२२ च्या दिवाळीत सरकारने रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि लिटरभर पामतेल १०० रुपयांत दिलं, तेव्हा रांगेत उभं राहिलेल्यांनी एवढंच विचारलं की गाडी आली का.

२०१४ नंतर दोन गोष्टी एकदम झाल्या. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या आणि २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. गाडगेबाबांचा खराटा याच मातीतला, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. राज्याने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने चालवलं होतं. बाबा कीर्तनात समोर बसलेल्यालाच प्रश्न विचारत आणि उत्तर वदवून घेत. नव्या अभियानाने गाणं निवडलं. 'गाडीवाला आया' हे मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या श्याम बैरागी यांचं हिंदी गाणं देशभरच्या कचरागाड्यांवर चढलं, आपल्याकडेही. १९५६ पर्यंत मंडला आणि आपण एकाच प्रांतात होतो, राजधानी नागपूर. हिंदी गाणं इथे कोणाला परकं वाटलं नाही याला हेही एक कारण असावं.

घनकचऱ्याचे २०१६ चे नियम आले, घरोघर जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेणं बंधनकारक झालं आणि घंटागाडीला रोज फिरणं भाग पडलं. मग करोना आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा आठवडाभराची टाळेबंदी लागली. या काळात सूचना सांगायला घंटागाडीचाच भोंगा कामी आला. बाजार बंद, दुकानाच्या वेळा बदललेल्या. भाजीवाल्यांनी पाहिलं की गल्लीत फिरायचं तर घसा फोडण्यापेक्षा चार्जिंगचा भोंगा बरा, त्यात एकदाच बोलून ठेवलं की दिवसभर निभतं. बाजार उघडले तरी भोंगे राहिले.

'शंभरला पाच किलो' म्हटल्यावर अडीच किलो मागणारी बाई आता खिडकीतून हाक मारते तोवर ऑटो तीन घरं पुढे गेलेला असतो. नळाचं कळवणारी गाडी कधी नळ येणार हे सांगत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद केला आणि एरवीही लेखी परवानगी सांगितली. ही परवानगी कांदेवाल्याला कोणी विचारत नाही, हे ठीकच आहे. त्याच्या भोंग्यापेक्षा लग्नाचा डीजे जास्त छळतो.

घंटागाडी फिरत होती त्या काळात दुसरीकडे नगरसेवक नव्हते. बहुतेक नगर परिषदांची मुदत संपून प्रशासक बसले आणि निवडणुका होईपर्यंत डिसेंबर २०२५ उजाडला. तोवर वार्डातलं गाऱ्हाणं घेऊन जायचं तर मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात, तेही साहेब बैठकीत नसतील तेव्हा. निवडणूक लागली तशी प्रचाराची गाणी भरून घ्यायला स्टुडिओंत गर्दी झाली, एकच चाल आणि नावं वेगळी. जाहीर प्रचाराची मुदत संपली की भोंगे उतरतात आणि उमेदवार पायी दारोदार येतो. तुंबलेली गटार, दिवसाआड येणारा नळ आणि बाजारातले फुटके ओटे यांचा विषय लोक तेव्हा काढतात.