घरच्या मीटरवर बिटकॉइन का परवडत नाही

ऐरोली-घणसोलीत राहून महापे-रबाळ्याला नोकरीला जाणारी मुलं अजून विचारतात, घरी मशीन लावून बिटकॉइन निघेल का? हिशेब करून बघा. अँटमायनर एस१९ हे मशीन सुमारे ३,२५० वॅट खातं, म्हणजे दिवसाला ७८ युनिट आणि महिन्याला २,३४०. महावितरणच्या घरगुती दरात ५०० युनिटच्या पुढचा टप्पा सगळ्यात महाग. मशीनची खोली तापते, म्हणून एसीही चालूच. वर २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, आणि विजेचा खर्च त्यातून वजा करता येत नाही.

सुरुवातीला मात्र साध्या संगणकावरही नाणी मिळत. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये आलेल्या बिटकॉइनच्या आराखड्यात ‘एक सीपीयू, एक मत’ हीच कल्पना होती. मायनरच्या, म्हणजे गणिती कोडं सोडवून व्यवहार नोंदवणाऱ्याच्या, बक्षिसातून दोन कामं साधायची होती: खोटी नोंद घुसवणं महाग पडावं आणि नवी नाणी एकाच हातात न जाता वाटली जावीत. जानेवारी २००९ मध्ये नोंदींची साखळी सुरू झाली तेव्हा दर ब्लॉकला, म्हणजे नोंदींच्या एका गठ्ठ्याला, ५० नाणी होती. २०१० मध्ये ग्राफिक्स कार्डं आली, २०१३ मध्ये फक्त हेच काम करणारी एसिक यंत्रं.

खरी मेख कठीणतेच्या नियमात आहे. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, एकूण ताकदीनुसार कोड्याची कठीणता बदलते. सगळ्यांनी दुप्पट मशीनं लावली तरी नाणी तेवढीच निघतात. वीज तेवढी जास्त जळते. अशा शर्यतीत स्वस्त वीजवालाच टिकणार. याला लोकांची हाव म्हणून सोडून देणं मला पटत नाही. नियमच तसे आखलेत.

एकट्याच्या मशीनला ब्लॉक लागायला वर्षानुवर्षं जातील, म्हणून पूल आले, म्हणजे मशीनची ताकद एकत्र करून बक्षीस वाटून घेणारे गट. जून २०१४ मध्ये घॅश डॉट आयओ या एकाच पूलकडे काही काळ निम्म्याहून जास्त ताकद गेली होती. एवढ्या ताकदीवर ताज्या नोंदी फिरवता येतात. निम्म्याची तरी कशाला गरज? सापडलेला ब्लॉक लगेच जाहीर न करता दाबून ठेवला, तर त्याहून कमी ताकदीतही हक्कापेक्षा जास्त बक्षीस लाटता येतं, हे एयाल आणि सिरर या संशोधकांनी २०१३ मध्येच मांडलं होतं.

पर्यायांनाही किंमत आहेच. बिटकॉइनमधून फुटलेल्या बिटकॉइन गोल्ड या नाण्याने एसिक टाळून ग्राफिक्स कार्डांना जवळ केलं आणि मे २०१८ मध्ये बहुमताच्या, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकदीच्या, हल्ल्यात सापडलं. अशी ताकद भाड्यानेही मिळते. हल्ल्यानंतर नाणं पडलं तरी भाडेकरूचं काय जातं? इथेरियम या दुसऱ्या साखळीने सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंगच सोडलं आणि वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला, पण तिथे ज्याचं भांडवल मोठं त्याचं वजन मोठं.

बिटकॉइनचं बक्षीस २०२४ मध्ये ३.१२५ नाण्यांवर आलं आणि ते साधारण दर चार वर्षांनी निम्मं होत जाणार. पुढे मायनरची सगळी भिस्त व्यवहार शुल्कावर. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याच टप्प्याचा धोका दाखवला: एखाद्या ब्लॉकमध्ये शुल्क भरपूर जमलं, तर साखळी पुढे नेण्यापेक्षा मागे जाऊन तोच ब्लॉक पुन्हा काढून ते शुल्क पळवणं मायनरला फायद्याचं वाटू शकतं.