जादा वीज गीझरला की ग्रिडला? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

छतावरच्या सौर पॅनेलची वीज गीझरमध्ये घालणे म्हणजे ती वाया घालवणे, असे जाणकार मंडळी बरीच वर्षे सांगत आली. त्यांचा हिशेब तेव्हा चुकीचा नव्हता. ऊन थेट पाण्यात उतरवणारी काळ्या नळ्यांची यंत्रणा अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा पकडते. पॅनेल मात्र 14-15 टक्क्यांवर अडकलेले होते, आणि महागही. शिवाय उन्हावरच्या बंबाचा मान जुना. त्याचे अमेरिकेतले पेटंट 1891 चे, तर सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल 1954 चा आणि तोही जेमतेम 6 टक्क्यांचा. 1973 च्या तेलसंकटानंतर इस्रायलने 1980 मध्ये नव्या घरांना सोलर वॉटर हीटर सक्तीचा केला, तोसुद्धा नळ्यांचाच.

2008 नंतरच्या दहा-बारा वर्षांत पॅनेलचे दर एक दशांशाच्याही खाली आले आणि हे गणित फिरले. छतावरून नळ आणायचा तर गळती, क्षार, थंडीत गोठणे हे सगळे मागे लागते. उन्हाळ्यात नको असलेली उष्णता कुठे टाकायची हा प्रश्न वेगळाच. वायरला यातले काही नाही, आणि पाणी तापल्यावर उरलेली वीज घरात इतरत्र चालते.

पण गीझर पॅनेलवर आला तो केवळ पॅनेल स्वस्त झाले म्हणून नाही. माझ्या मते खरे कारण मीटर आणि दर यांत आहे. जर्मनीने 2000 च्या कायद्याने सौरविजेला 20 वर्षांसाठी ठरावीक दर बांधून दिला, आणि तो घरगुती विजेच्या दरापेक्षा कितीतरी जास्त होता. असे असताना गीझरमधली पाणी तापवणारी कॉइल चालवायला ती वीज कोण वापरेल? सगळी ग्रिडला जायची. नव्या जोडण्यांचा दर पुढे उतरत गेला आणि 2012 च्या सुमारास विकण्यापेक्षा घरात वापरणे फायद्याचे झाले.

ब्रिटनमध्ये एप्रिल 2010 ला झालेला निर्णय यापेक्षा विचित्र होता, आणि त्यावर अजूनही दोन तट आहेत. तिथे तयार झालेल्या प्रत्येक युनिटला पैसे मिळत, मग ते घरात वापरा नाहीतर बाहेर पाठवा. लहान छतांवरून प्रत्यक्ष बाहेर किती गेले हे मोजलेच जात नसे. निम्मी वीज बाहेर गेली असे गृहीत धरून तिचे वेगळे पैसे देत. म्हणजे दुपारची सगळी जादा वीज गीझरमध्ये घातली तरी मिळकत एका पैशाने कमी होत नव्हती. जादा वीज आपोआप कॉइलकडे वळवणारी डायव्हर्टर नावाची पेटी तिथे फोफावली ती यामुळे. न पाठवलेल्या विजेचे पैसे सगळ्या ग्राहकांच्या बिलातून दिले गेले, हा टीकाकारांचा मुद्दा खराच आहे. पण प्रत्येक छतावर वेगळे मीटर बसवण्याचा खर्चही त्याच बिलांतून गेला असता, आणि दुपारचा लोंढा ग्रिडवर न येता टाकीत जिरला हा लाभ या वादात फार कमी मोजला जातो. मला जास्त खटकते ते विक्रेत्यांचे गणित. ज्या घरात पाणी आधी गॅसवर तापत होते तिथे बचत होते गॅसची, आणि ती विजेच्या दराने मांडायची हे ग्राहकाची दिशाभूल करणारेच होते. 31 मार्च 2019 नंतर ती योजना नव्या घरांना बंद झाली, आणि 2020 पासून तिची जागा मोजून पैसे देणाऱ्या पद्धतीने घेतली.

त्या डायव्हर्टर पेटीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. समजा 2000 वॅटची कॉइल आहे आणि जादा वीज 600 वॅट. पेटी कॉइलला 30 टक्के वेळ पूर्ण चालू ठेवते. चालू असताना 1400 वॅट ग्रिडमधून येतात, बंद असताना 600 बाहेर जातात, आणि सरासरी शून्य होते. काही डिजिटल मीटर ही ये-जा 1 वॅट-तासापर्यंत (युनिटाचा हजारावा भाग) पोटात घेतात, म्हणून बिलावर काहीच दिसत नाही. येणारी आणि जाणारी वीज वेगवेगळी नोंदवणाऱ्या मीटरवर मात्र भर उन्हात विकतचे युनिट चढतात. दुसरी पद्धत एसी प्रवाहाच्या, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या, प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा तुकडा कापते. तिला मीटरची अडचण नाही, पण लाइनवर हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीचा आकार बिघडवणाऱ्या जादा लहरी, जातात आणि चांगला फिल्टर लागतो.

पॅनेलची एकाच दिशेची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा इन्व्हर्टर टाळून पॅनेल थेट कॉइलला जोडण्याची टूम अधूनमधून येते. त्याच कॉइलचा रोध 26 ओहमच्या आसपास. तिच्याशी जुळणारे 2000 वॅटचे पॅनेल धरले, तर ऊन निम्मे झाले की करंट निम्मा होतो, त्याबरोबर कॉइलवरचे व्होल्टेजही निम्मे, आणि पॅनेल 1000 वॅट देऊ शकत असताना पाण्याला मिळतात 500. याहून गंभीर गोष्ट थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी तापले की वीज तोडणाऱ्या स्विचची. 50 हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून त्यातले धातूचे पॉइंट उघडताना उडालेली ठिणगी विझते. डीसीवर ती विझत नाही, पॉइंट चिकटतात आणि पाणी तापतच राहते. सुरक्षेचा कटआउटही बहुधा एसीचाच असतो. डीसीसाठी बनवलेला स्विच नसेल तर ही जोडणी करूच नये.

100 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला चार युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. त्या चार युनिटांवर आता बॅटरी आणि गाडीही हक्क सांगतात, आणि हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारा हीट पंप तेवढीच उष्णता साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत देतो. दुसरीकडे दुपारी ग्रिडचे व्होल्टेज चढू लागल्याने बाहेर वीज पाठवण्यावर बऱ्याच ठिकाणी मर्यादा आल्या आहेत. ऑस्ट्रेलियात रात्रीच्या स्वस्त विजेवर कित्येक दशके चालणारे गीझर आता भर दुपारी चालू होतील असे वळवले जात आहेत.