जुनी विटेची भिंत आणि पावसाची झड

भारतीय मानकानुसार साधी भाजलेली वीट चोवीस तास पाण्यात ठेवली, तर तिने आपल्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेले चालते. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे ग्रॅम पाणी पिऊनही चांगलीच ठरते. जुन्या घरांतल्या कमी भाजलेल्या विटा याहूनही जास्त पाणी ओढतात. हे काम केशाकर्षणाचे, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप ओढले जाण्याचे आहे. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे दीड सेंटीमीटर चढते, पण त्रिज्या शंभरपट लहान झाली की तत्त्वतः दीड मीटर चढू शकते. विटेतली रंध्रे अशीच बारीक असल्यामुळे वारा थांबल्यावरही झडीचे पाणी आत सरकतच राहते.

हे पाणी बाहेर पडते ते मुख्यतः वाफेच्या रूपाने, आणि नेमकी हीच वाट आपण बंद करतो. जाड रंगाचा थर दिला की त्याच्या बारीक भेगांतून पाणी आत शिरते, मात्र वाफ अडते; पाण्याबरोबर आलेले क्षार थरामागे स्फटिकरूप होतात आणि त्यांच्या दाबाने पोपडे सुटतात, विटेचा दर्शनी भागही भुगा होऊन गळतो. पृष्ठभागावर दिसणारा पांढरा लोणा, म्हणजे बाहेर आलेले क्षार, त्या मानाने निरुपद्रवी. चुन्यातल्या जुन्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, खरवडून सिमेंटने भरणे मला सर्वांत घातक वाटते, कारण सिमेंट विटेपेक्षा कठीण आणि घट्ट असल्याने ओल आणि झीज दोन्ही विटेच्या वाट्याला येतात. दरज झिजावी आणि वीट टिकावी, यासाठी दरज चुन्यानेच भरावी. चुना सावकाश मुरावा म्हणून हे काम हिवाळ्यात करणे बरे.

सिलेन-सिलोक्सेन प्रकारची जलरोधक द्रव्ये रंध्रे बुजवत नाहीत, त्यांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाहीत. त्यामुळे पाणी ओढले जात नाही, पण वाफ मात्र जाऊ शकते. भिंत पूर्ण वाळलेली असताना, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, दर्जा आणि भेगा आधी दुरुस्त करून ती लावावीत. रुंद वळचण आणि धड पन्हळ यांची जागा कोणतेही रसायन घेऊ शकत नाही. कोकणात झडीच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधतात, तेही याच समजुतीने: पाणी भिंतीपर्यंत येऊ द्यायचे नाही आणि मागून हवा खेळती ठेवायची.

ओल जोत्यापासून वर चढत असेल, तर बाहेरून काहीही फवारून उपयोग होत नाही. अशा वेळी अंगणातली माती किंवा फरशी जोत्याच्या वर आली आहे का, हे आधी पाहावे आणि ती उतरवून पाण्याचा उतार घरापासून दूर काढावा.