साठ तास उघडी कबर

26 ऑक्टोबर 2016 ची संध्याकाळ. यरुशलेमच्या जुन्या शहरात पवित्र कबरेच्या चर्चमधून यात्रेकरूंना बाहेर काढून दरवाजे लावून घेतले होते. आत, मोठ्या घुमटाच्या बरोबर खाली, दगडी बांधणीचे एक छोटेखानी घरकुल उभे आहे. त्याचे नावच 'एडिक्यूल', लॅटिनमध्ये छोटे घर. या घरकुलातल्या ओट्यावरची संगमरवरी लादी अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्रविद्यापीठाचे लोक इंचाइंचाने सरकवत होते. ती निदान 1555 पासून जागची हललेली नव्हती.

लादीखाली निघाला राडारोडा आणि भर. तो उपसल्यावर दुसरी लादी दिसली: करड्या रंगाची, वर क्रूस कोरलेला, मधोमध तडा गेलेली. चर्च सांभाळणाऱ्या तिन्ही प्रमुख पंथांनी (ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक आणि आर्मेनियन) कामाला दिलेली मुदत होती साठ तासांची. मुदत संपायला थोडा वेळ उरला असताना त्या दुसऱ्या लादीखाली चुनखडकाचा मूळ बाक हाताला लागला. येशूचा देह ज्या बाकावर ठेवला होता असे ख्रिस्ती परंपरा सांगते, तोच हा. मग सगळे पुन्हा झाकले गेले.

कबर उघडायची वेळ आली होती ती श्रद्धेपोटी नव्हे, डागडुजीपोटी. 1808 च्या आगीनंतर 1810 मध्ये पुन्हा बांधलेले हे घरकुल 1927 च्या भूकंपाने खिळखिळे झाले. 1947 मध्ये ब्रिटिशांनी त्याला चहूबाजूंनी लोखंडी तुळया बांधल्या आणि ते आणखी सत्तर वर्षे त्या कुबड्यांवर उभे राहिले. 2015 मध्ये पोलिसांनी धोकादायक म्हणून ते काही तास बंद केले, तेव्हा कुठे पंथांचे एकमत झाले. या चर्चमध्ये एकमत ही सोपी गोष्ट नाही. सहा पंथांची वहिवाट इथे आहे आणि कोणाची झाडू कुठल्या पायरीपर्यंत फिरणार हेसुद्धा ठरलेले आहे. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी पिढ्यान्‌पिढ्या तशीच टेकलेली आहे. ती हलवायचा अधिकार कोणाचा हे न ठरल्यामुळे कोणीच हलवत नाही. मुख्य दाराची किल्ली मुसलमान घराण्यांकडे असते. भाऊबंदकीत घर सामायिक राहिले की काय होते हे आपल्याकडच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

तर डागडुजी करता करता मोरोपुलू यांच्या चमूने (अथेन्सच्या विद्यापीठातर्फे या कामाच्या प्रमुख असलेल्या अंतोनिया मोरोपुलू या मूळच्या रसायन अभियंता) लाद्यांच्या फटींतला चुन्याचा माल खरवडून घेतला. मला सगळ्या प्रकरणात मोह पडतो तो या चिमूटभर मालाचा.

प्रश्न असा होता. येशूला सुळी दिले साधारण इसवी सन 30 ते 33 च्या सुमारास. पुढे 135 च्या आसपास रोमन सम्राट हेड्रियनने शहर नव्याने वसवले आणि या जागेवर भर घालून देऊळ बांधले. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ते पाडून खोदकाम केले. कबर सापडल्याचे त्याच्या काळच्या बिशप युसेबियसने लिहून ठेवले आहे. कामगारांनी भोवतालचा डोंगर तासून काढला, गुहेचा तेवढा खडक सुटा ठेवला आणि त्याभोवती चर्च उभारले. मग 1009 मध्ये फातिमी खलिफा अल्‌-हाकिमने ते उद्ध्वस्त केले; कबरेचा खडकही घणांनी फोडल्याचे त्या काळचे इतिहासकार सांगतात. त्यामुळे अनेकांना वाटे, आज दिसते ते सगळे क्रूसयुद्धाच्या काळातले किंवा त्याही नंतरचे. आत मूळ काही उरलेच नसेल.

याचे उत्तर वाळूच्या कणात होते.

चुन्याचा माल कसा होतो ते आठवा. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळी पाण्यात विरवली, वाळू मिसळली, की गवंड्याचा माल तयार. हा माल हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषत शोषत दगड होतो. म्हणजे त्याच्यात त्या वर्षीच्या हवेचा कार्बन अडकतो आणि त्यावरून कार्बन-14 पद्धतीने वय काढता यायला हवे. पण न भाजलेल्या चुनखडीचा एखादा खडा आत राहिला की त्यातला कोट्यवधी वर्षांचा जुना कार्बन सगळा हिशेब बिघडवतो. म्हणून वाळूकडे वळायचे.

वाळूत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कण असतात. त्यांच्या स्फटिकात जागोजागी खोट असते. भोवतालच्या दगडमातीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम अगदी लेशमात्र असतात आणि त्यांच्यातून किरण निघत राहतात. त्या किरणांनी स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि काही त्या खोटींमध्ये अडकून बसतात. कण अंधारात असेल तोवर ही भरती चालूच. पावसाळ्यात पागोळीखाली घागर ठेवावी तसे आहे हे: पागोळी एका लयीत गळत असेल, तर घागर किती भरली यावरून ती कधी ठेवली ते सांगता येते. आणि घागर उपडी कोण करतो? ऊन. वाळू उन्हात आली की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि मोजणी शून्यावर येते.

गवंडी उघड्यावर वाळू-चुना कालवतो तेव्हा घागर उपडी होते. लादीखाली माल गेला की अंधार होतो आणि पहिला थेंब पडतो.

प्रयोगशाळेत हे सगळे मंद लाल दिव्यात करावे लागते, जुन्या फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीसारखे. नमुन्याचा उजेड लागलेला बाहेरचा थर काढून टाकतात, आम्लाने चुना विरघळवून क्वार्ट्‌झ वेगळा करतात आणि त्यावर ठरावीक रंगाचा, बहुधा निळा, प्रकाश सोडतात. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटताना क्षणभर क्षीण प्रकाश देतात, तो मोजायचा. त्यावरून कणाने आजवर एकूण किती किरणोत्सर्ग पचवला ते कळते. भोवतालच्या दगडातून दर वर्षी किती मिळत होता तेही मोजायचे. साधारणपणे तो वर्षाला एक ते चार मिलिग्रे असतो (ग्रे हे शोषलेला किरणोत्सर्ग मोजायचे माप). मग साधा भागाकार. समजा कणाने दोन ग्रे, म्हणजे दोन हजार मिलिग्रे, साठवले आणि वेग वर्षाला दीड मिलिग्रे, तर वय 1333 वर्षे. एकदा प्रकाश सोडून मोजला की तो कण रिकामा होतो, त्याची ती साक्ष दुसऱ्यांदा घेता येत नाही. म्हणून एकाच जागचे पुष्कळ कण लागतात. शिवाय कालवताना प्रत्येक कणाला पुरेसे ऊन मिळालेलेच असते असे नाही. काही घागरी अर्धवटच उपड्या झालेल्या असतात. त्या ओळखून बाजूला काढणे हेच यातले कसब.

मूळ बाक आणि त्यावरची क्रूसवाली लादी यांच्यामधल्या मालाचे वय निघाले इसवी सन 345 च्या आसपास. दक्षिणेकडच्या भिंतीतले नमुने 335 आणि 1570 च्या सुमाराचे निघाले, दारापाशी अकराव्या शतकातला माल सापडला. चर्चचे लोकार्पण झाले होते 335 मध्ये आणि कॉन्स्टंटाइन वारला 337 मध्ये. मग 345 कसे, असे कोणी विचारील. या पद्धतीत पाच-दहा टक्क्यांची चूक सहज असते, म्हणजे इथे शंभर वर्षे इकडेतिकडे. आकडा चौथ्या शतकाचा आहे आणि अकराव्या-बाराव्या शतकाचा नाही, एवढेच त्यातून घ्यायचे. तेही थोडके नाही. अल्‌-हाकिमच्या घणांतून मूळ बाक वाचला होता, आणि रडारच्या तपासणीत संगमरवरामागे गुहेच्या खडकाच्या भिंतीही उभ्या सापडल्या.

पण हा माल येशूबद्दल काही बोलत नाही. कॉन्स्टंटाइनच्या माणसांनी याच बाकावर लादी बसवली, इतकेच तो सांगतो. त्यांनी बरोबर बाक निवडला होता का, हा प्रश्न मधल्या तीनशे वर्षांचा आहे आणि तिथे वाळू गप्प आहे.

तिथे बोलतो तो खडक. हे चर्च आज तटबंदीच्या आत आहे आणि यहुदी लोक कबरी गावाबाहेर खोदत. म्हणून ही जागा खरी असूच शकत नाही असा आक्षेप फार जुना आहे. पण उत्खननांतून दिसले की पहिल्या शतकाच्या आरंभी हा भाग तटाबाहेरच होता. राजा अग्रिप्पाने 41 ते 44 च्या दरम्यान नवा तट घालायला घेतला तेव्हा तो आत आला. त्याआधी कित्येक शतके इथे दगडाची खाण होती. चर्चच्याच एका काळवंडलेल्या कोपऱ्यात, सीरियन पंथाच्या प्रार्थनास्थळामागे, त्या काळच्या कबरी आजही दिसतात: खडकात आडवे खोदलेले, माणूस आत सरकवता येईल एवढे खोल कोनाडे. तटाच्या आत आल्यावर इथे नव्या कबरी कोणी खोदल्या नसत्या. म्हणजे येशूच्या काळात ही दफनाची जागा होती एवढे पक्के.

या कबरी कायमच्या मुक्कामासाठी नसत. देह आधी बाकावर किंवा कोनाड्यात ठेवायचा, वर्षभराने अस्थी गोळा करून चुनखडकाच्या पेटीत भरायच्या आणि जागा घरातल्या पुढच्या माणसासाठी मोकळी करायची. त्यामुळे कबरीतला रिकामा बाक ही त्या काळी रोजच्या पाहण्यातली गोष्ट होती. तिसऱ्या दिवशीच रिकामा, यात नवल होते. दाराच्या दगडाचेही असेच. चित्रांत तो जात्याच्या तळीसारखा गोल दिसतो. पुरातत्त्वज्ञ अमोस क्लोनर यांनी त्या काळच्या यरुशलेमच्या नऊशेहून अधिक कबरींचा आढावा घेतला, तर गोल दगडाच्या निघाल्या फक्त चार, त्याही फार श्रीमंतांच्या. बाकी सगळीकडे बाटलीच्या बुचासारखा चौकोनी दगड. मराठी बायबलात बायका विचारतात, दारावरून धोंड कोण लोटील? ज्याच्या कबरीत येशूला ठेवले तो अरिमथाईकर योसेफ श्रीमंत होता म्हणतात, तेव्हा गोल धोंड अशक्य नाही. पण पैज लावायची तर मी बुचावर लावीन.

सुळी दिलेल्याला मुळात कबर मिळत असे का? रोमन रीतीप्रमाणे देह बहुधा तिथेच कावळ्या-कुत्र्यांवर सोडला जाई. 1968 मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला एका अस्थिपेटीत येहोहानान नावाच्या माणसाची टाच सापडली. तिच्यातून साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा आरपार गेलेला. खिळ्याचे टोक वळले होते, लाकडातल्या गाठीवर आदळून वळले असावे. म्हणूनच तो उपसता आला नाही आणि टाचेबरोबर पेटीत आला. असे खिळे पुन्हा वापरायला काढून घेत, त्यामुळे हा पुरावा दुर्मीळ. पण एवढ्यावरून दिसते की सुळी गेलेल्याचा देह घरच्यांच्या हाती पडू शकत होता आणि रीतसर दफनही होऊ शकत होते.

आता एक फसलेला पुरावा. पॅरिसमध्ये एक संगमरवरी पाटी आहे, 1878 मध्ये नासरेथहून आलेली. तिच्यावर ग्रीकमध्ये राजाज्ञा आहे: कबरीतून देह हलवील त्याला देहदंड. 1930 मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा खळबळ उडाली. येशूची कबर रिकामी झाल्याची बातमी थेट सम्राटाच्या कानावर गेली होती, असा तर्क अनेकांनी बांधला. 2020 मध्ये संशोधकांनी संगमरवराची चिमूटभर पूड घेऊन कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. प्रत्येक खाणीचे हे प्रमाण ठशासारखे निराळे असते. ठसा जुळला ग्रीसच्या कोस बेटावरच्या खाणीशी. त्या बेटावर निकियास नावाचा जुलमी सत्ताधीश होता, आणि येशूच्या जन्माआधीच लोकांनी त्याची कबर फोडून प्रेत बाहेर ओढले होते. ती राजाज्ञा बहुधा त्या प्रकारावरची.

आणि खुद्द रिकामेपणाचे काय? लिखित साक्ष जुनी आहे, पण सारखी नाही. पौलाचे करिंथकरांस पत्र सन 55 च्या आसपासचे. त्यात येशू पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला असे येते, रिकाम्या कबरेचा शब्दही नाही. मार्कचे शुभवर्तमान 70 च्या सुमाराचे. त्यात कबर रिकामी आहे, पण सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत ते बायका भिऊन पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत इथेच तुटते. पुनरुत्थानाचा विश्वास या लिखाणांच्या आधीचा, हे नक्की. काय घडले हे मात्र कुठल्याही मालाच्या फटीत अडकलेले नाही. नसलेल्या देहाचे कार्बन-14 काढता येत नाही. तुरिनचे कफन म्हणून जे कापड पुजले जाते, त्याचे 1988 मध्ये तीन प्रयोगशाळांनी काढले, ते आले 1260 ते 1390 चे. पण ते वय कापडाचे.

योहानाच्या शुभवर्तमानात एक बारीकसा तपशील आहे: जिथे त्याला वधस्तंभावर खिळले तिथे एक बाग होती आणि बागेत एक नवी कबर. तो धर्मशास्त्राचा भाग नाही, सहज जाता जाता आलेला आहे, आणि असे तपशील तपासून पाहायला बरे पडतात. 2022 पासून चर्चची फरशी बदलण्याचे काम चालू झाले. त्या निमित्ताने रोमच्या ला सापिएन्झा विद्यापीठाच्या फ्रान्चेस्का रोमाना स्टासोला यांच्या चमूला फरशीखाली खोदायला मिळाले; यात्रा बंद करता येत नसल्याने एका वेळी एकच तुकडा उघडायचा, तो संपला की बुजवून पुढचा. खाणीच्या थरावर त्यांना बुटक्या दगडी ताली सापडल्या, मधे माती भरून घेतलेल्या. 2025 मध्ये त्यांनी सांगितले की त्या मातीतल्या वनस्पतींच्या अवशेषांत आणि परागकणांत ऑलिव्हची झाडे आणि द्राक्षवेल ओळखू आले आहेत. खाण बंद पडल्यावर कोणीतरी तिच्यात माती ओतून शेती केली होती आणि बाजूच्या कड्यात कबरी खोदल्या होत्या.

22 मार्च 2017 ला डागडुजी झालेले घरकुल पुन्हा खुले झाले, लोखंडी तुळया निघाल्या. आतल्या दक्षिण भिंतीच्या संगमरवरात आता एक चौकोनी झरोका ठेवला आहे. खोली एवढीशी की एका वेळी जेमतेम चारपाच माणसे आत मावतात, आणि बाहेरचा पुजारी लगेच चला चला करतो. बहुतेक जण लादीवर ओठ टेकून निघतात. त्या झरोक्याकडे मान वळवली, तर आत गुहेचा पिवळसर चुनखडक दिसतो.