समस्यापूर्ती

समस्यापूर्ती : दुसऱ्याने दिलेला पद्याचा तुकडा, बहुधा शेवटचा चरण, एकही अक्षर न बदलता स्वतःच्या नव्या श्लोकात बसवून दाखवण्याची काव्यरीती. दिलेल्या तुकड्याला ‘समस्या’ म्हणतात आणि कवी जे रचतो ती ‘पूर्ती’ किंवा ‘पूरण’. समस्या मुद्दामच अशक्य, विसंगत किंवा निरर्थक ठेवलेली असते. शंभर चंद्रांचे आकाश, हरणाला भिऊन पळणारा सिंह किंवा नुसते ‘ठठं ठठं’ अशा चरणाला कुठल्या तरी परक्या प्रसंगाशी जोडायचे, आणि तेही असे की चरण त्याच प्रसंगासाठी जन्मला असावा असे ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे.

शब्द : आज मराठीत समस्या म्हणजे अडचण. हा अर्थ मागाहूनचा आहे. अमरकोशात ‘समस्या तु समासार्था’ एवढीच नोंद आहे. ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘अस्’ (फेकणे, टाकणे) हा धातू यांपासून ‘समास’ झाला, त्याच घराण्यातला हा शब्द. मूळ अर्थ ‘एकत्र टाकण्याजोगी’ किंवा ‘जोडून घ्यायची’. रूपसिद्धीत मात्र एक अडचण आहे. अस् हा हलन्त (व्यंजनाने संपणारा) धातू असल्याने ‘ण्यत्’ प्रत्यय लावला तर उपधेतील, म्हणजे शेवटच्या वर्णाआधीच्या, अकाराला वृद्धी (अ चा आ) होऊन ‘समास्या’ व्हायला हवे. ही संज्ञा असल्यामुळे वृद्धी झाली नाही, असे त्यावर समाधान देतात. दुसरा मार्ग ‘क्यप्’ हा प्रत्यय मानण्याचा. त्यात वृद्धीचा प्रश्नच उरत नाही, पण या धातूला तो कोणत्या सूत्राने आणायचा हे सांगावे लागते. पहिले समाधान ओढूनताणून वाटले तरी त्यात नवे सूत्र शोधावे लागत नाही, म्हणून ते अधिक सोयीचे. अर्थाबाबत दोन्ही बाजूंत फरक नाही.

प्राचीनता : वात्स्यायनाच्या कामसूत्रात (साधारणपणे इ.स. तिसरे शतक, काही अभ्यासक थोडे मागेपुढे नेतात) पहिल्या अधिकरणातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘काव्यसमस्यापूरण’ येते. त्याच यादीत प्रहेलिका (कोडी) आणि प्रतिमालाही आहेत. प्रतिमाला म्हणजे आपल्याकडच्या भेंड्या. तेव्हा ही त्या काळी नागरकांची (शहरी रसिकांची) करमणूक होती, केवळ दरबारी परीक्षा नव्हती, एवढे नक्की. तिचे मूळ वैदिक ब्रह्मोद्यापर्यंत (यज्ञातील कोड्यांच्या प्रश्नोत्तरांपर्यंत) नेता येईल का, असा प्रश्न निघतो. पण ब्रह्मोद्यात कोड्याचे उत्तर द्यायचे असते, दिलेले शब्द जसेच्या तसे सांभाळायचे नसतात. त्यामुळे ते साम्य वरवरचे दिसते.

राजशेखर (सुमारे इ.स. ९००) काव्यमीमांसेत कवीची दिनचर्या सांगताना दिवसाचे प्रहर पाडून देतो. सकाळी विद्याभ्यास, मग काव्यरचना, जेवणानंतर काव्यगोष्ठी. या गोष्ठीत प्रश्नोत्तरे आणि काव्यसमस्या. सकाळी रचलेल्या काव्याची तपासणी चौथ्या प्रहरी. म्हणजे समस्यापूर्ती त्याने दुपारच्या सैल वेळेत ठेवली आहे. (याच राजशेखराने आपला पणजोबा अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटले आहे.) अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र कविकंठाभरणात होतकरू कवीच्या शिक्षांमध्ये ‘वृत्तपूरण’ आणि ‘समस्यापरिपूरण’ अशा दोन वेगळ्या गोष्टी मोजतो. पहिलीत अर्थाची पर्वा न करता वृत्ताचा साचा शब्दांनी भरायचा, दुसरीत परका अर्थ पचवायचा. शिकवण्याचा हा क्रम आजही बदलावा असे वाटत नाही.

रीत : समस्या हाती आली की आधी तिचे लघु-गुरू पाडतात, कारण वृत्त तिने ठरवून टाकलेले असते. ‘ठठं ठठं ठं ठठठं ठठं ठः’ ही समस्या घ्या. अनुस्वार आणि विसर्ग असलेले ठ गुरू, उरलेले लघू धरले की ल-गा-ल, गा-गा-ल, ल-गा-ल, गा-गा असे अकरा अक्षरांचे माप निघते. गणांत सांगायचे तर ज, त, ज, ग, ग. ही चोख उपेंद्रवज्रा आहे. देणाऱ्याने ठ अंदाजाने पेरलेले नाहीत. प्रसिद्ध पूर्ती अशी :

रामाभिषेके जलमाहरन्त्या
हस्ताच्च्युतो हेमघटो युवत्याः ।
सोपानमार्गेषु करोति शब्दं
ठठं ठठं ठं ठठठं ठठं ठः ॥

रामाच्या अभिषेकासाठी पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत गेला. पहिले तीन चरण इंद्रवज्रेत आहेत, चौथा उपेंद्रवज्रेत. दोहोंचे मिश्रण उपजाती म्हणून चालते, त्यामुळे कवीला आपल्या तीन चरणांचे पहिले अक्षर गुरू ठेवण्याची मोकळीक मिळाली. शेवटच्या विसर्गयुक्त ‘ठः’वर आवाज थांबतो, घडा तळाला पोचतो. श्लोकाचे पाठभेद पुष्कळ आहेत (जलमाहरन्त्याऐवजी मदविह्वलायाः, हस्ताऐवजी कक्षा), आणि कालिदासाशी त्याचा जोडलेला संबंध आख्यायिकेपलीकडे जात नाही.

वृत्तानंतर विभक्ती पाहतात. ‘शतचन्द्रं नभस्तलम्’ ही अनुष्टुभाच्या सम चरणात बसणारी समस्या आहे. नभस्तल नपुंसकलिंगी असल्याने प्रथमा आणि द्वितीया सारखीच दिसते. म्हणजे ‘आकाश शतचंद्र आहे’ किंवा ‘शतचंद्र आकाश कोणी तरी पाहिले’ अशा दोन्ही वाटा खुल्या राहतात. पूर्ती करणाऱ्याने कर्मणी रचना घेतली :

दामोदरकराघातविह्वलीकृतचेतसा ।
दृष्टं चाणूरमल्लेन शतचन्द्रं नभस्तलम् ॥

कृष्णाच्या तडाख्याने भान हरपलेल्या चाणूराला आकाशात शंभर चंद्र दिसले. मराठीत त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले असते. ‘दृष्टं’ या एका शब्दाने अशक्यता आकाशातून उचलून चाणूराच्या डोळ्यांत ठेवली. बहुतेक चांगल्या पूर्तींचे मर्म इथेच असते. विसंगत वाक्य खोटे ठरवायचे नाही, ते ज्याला खरे वाटेल असा माणूस किंवा ज्यात खरे ठरेल अशी जागा शोधायची. मुंगी चंद्राचे चुंबन घेते (‘पिपीलिका चुम्बति चन्द्रबिम्बम्’), कारण ती फुलाच्या आश्रयाने शंकराच्या मस्तकावर चढली आहे. पिकलेली जांभळे माकडांनी हलवलेल्या फांद्यांवरून पाण्यात पडतात, म्हणून ‘गुलुगुग्गुलुगुग्गुलु’.

तिसरी वाट वाक्य फोडण्याची. ‘मृगात् सिंहः पलायते’, हरणापासून सिंह पळतो. येथे कवीने तीन प्रश्न आधी ठेवले : कस्तुरी कशापासून होते? हत्तींचे कळप कोण मारतो? भित्रा युद्धात काय करतो? उत्तरे अनुक्रमे मृगापासून, सिंह, पळतो. एका वाक्याची तीन उत्तरे झाली आणि विसंगती उरलीच नाही. हा प्रकार खरे तर अंतर्लापिका (ज्याचे उत्तर श्लोकातच असते) या कोड्याच्या जातीचा, पण सभेत तो पूर्ती म्हणून मान्य होतो.

पूर्ती फसते ती ठरावीक ठिकाणी. च, वै, तु, हि अशी पादपूरके साचली की कवीकडे शब्द संपले हे उघड होते. लांब वृत्तात यती (चरणातला विराम) शब्दाच्या मधे पडते. कुणीतरी स्वप्नात असे पाहिले, कुणी वेडा असे बडबडला, ही कोणत्याही समस्येला चालणारी उत्तरे म्हणून जाणकार ती हलकी मानतात. सर्वांत मोठा दोष म्हणजे श्लोक समजावून सांगावा लागणे. देणाऱ्याचीही जबाबदारी असते. चरणच वृत्तात लंगडा असेल तर तो नाकारण्याचा अधिकार कवीला आहे.

भोजप्रबंध : समस्यांच्या गोष्टींचे सर्वांत लोकप्रिय भांडार म्हणजे बल्लाळाचा भोजप्रबंध. परमार राजा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, ग्रंथ बहुधा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि त्यात कालिदास, बाण, भवभूती व माघ एकाच दरबारात बसलेले. इतिहास म्हणून तो निरुपयोगी. समस्यापूर्तीचा सभासंकेत कसा होता हे पाहायला मात्र उत्तम.

अखंड काव्याची पूर्ती : एका चरणावर न थांबता संपूर्ण काव्यच समस्या म्हणून घेण्याचा प्रयोग जैन कवींनी केला. जिनसेनाच्या पार्श्वाभ्युदयात ३६४ श्लोक असून मेघदूताचा प्रत्येक चरण त्यात कुठे ना कुठे येतो. कुठे श्लोकात एक चरण कालिदासाचा आणि तीन जिनसेनाचे, कुठे दोन-दोन. विरही यक्षाचे शब्द येथे ध्यानस्थ तीर्थंकर पार्श्वनाथाला छळणाऱ्या शंबराच्या कथेत जातात. शृंगार वैराग्याला जोडायचा आणि मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत चार, सहा, सात अशी यती सांभाळायची, असे हे दुहेरी काम.

या काव्याच्या काळाविषयी एक गुंता आहे. शेवटी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे शुभचिंतन येते आणि तो इ.स. ८१४ च्या सुमारास गादीवर आला. उलट, शके ७०५ (इ.स. ७८३) मध्ये पुऱ्या झालेल्या हरिवंशपुराणात, त्याच नावाच्या पण दुसऱ्या जिनसेनाने, या काव्याचा गौरव केलेला दिसतो. एक तर समारोपाचे श्लोक मागाहून जोडले गेले, किंवा हरिवंशातील उल्लेख वेगळ्या रचनेचा. पहिली शक्यता जास्त सरळ आहे. तरी आठव्या शतकाची अखेर ते नवव्याचा पूर्वार्ध एवढेच सावधपणे म्हणावे.

या पूर्तीचा अनपेक्षित उपयोग पाठचिकित्सेत (ग्रंथाचा मूळ पाठ ठरवण्यात) झाला. का. बा. पाठक यांनी पार्श्वाभ्युदयातून वेगळे काढलेले मेघदूत १८९४ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केले. त्यात १२० श्लोक मिळतात. दहाव्या शतकातील वल्लभदेवाच्या टीकेत १११ आहेत. जिनसेन जुना असला तरी आकडा कमी तो पाठ विश्वसनीय, असा कल पुढे झाला. म्हणजे प्रक्षेप (मागाहून घुसवलेले श्लोक) जिनसेनाच्या आधीच शिरले होते. पुढे विक्रमाचे नेमिदूत, मेघविजयाचा मेघदूतसमस्यालेख अशी परंपरा चालू राहिली.

अवधान आणि दत्तपदी : तेलुगू व कन्नड प्रदेशांत समस्यापूर्ती अष्टावधानाचे एक अंग बनली. आठ पृच्छक आळीपाळीने विचारतात, अवधानी श्लोक मागणाऱ्या प्रत्येकाला फेरीगणिक एकच चरण देतो, चार फेऱ्यांनी श्लोक पुरे होतात आणि शेवटी ‘धारणा’ म्हणून ते सर्व न लिहिता म्हणून दाखवतो. मधे एक पृच्छक असंबद्ध गप्पा मारून लक्ष उडवत असतो. तिरुपती वेंकट कवुलु (दिवाकर्ल तिरुपती शास्त्री व चेल्लपिल्ल वेंकट शास्त्री) या जोडीने अवधानाला लोकप्रियता दिली. आजच्या काळात बेंगळुरूचे शतावधानी रा. गणेश यांचे नाव अग्रभागी आहे. तेनाली रामकृष्णाच्या नावावरची ‘हत्तींचा कळप डासाच्या घशात शिरला’ ही तेलुगू समस्याही प्रसिद्ध आहे. तिच्या पूर्तीत शत्रूंचा फडशा पाडणारे पांडव विराटाच्या चाकरीत राहतात आणि हळहळणारा कोणी एक संजयाला म्हणतो, काय सांगू, हत्तींचा कळप डासाच्या घशात गेला.

दत्तपदी त्याहून अवघड. चार असंबद्ध शब्द, सांगितलेला विषय, सांगितलेले वृत्त, आणि दर चरणात एक शब्द. शब्द अनेकदा इंग्रजी देतात, तेव्हा तो पदच्छेदात लपवावा लागतो. मराठीत विषय पौराणिक असेल तर ‘कार’ ओंकारात, ‘बिल’ बिलगलीत, ‘मीटर’ मात्र ‘मी टरकलो’मध्ये जाईल, तेथे रस हास्य झाला तर पृच्छक जिंकला.

मराठी व इतर : मराठी पंडित कवींचा ओढा चित्रबंध (आकृतीत बसणारी पद्ये) आणि अक्षरनियमांकडे राहिला, मोरोपंतांचे ओष्ठ्य वर्ण टाळणारे निरोष्ठ रामायण हे त्याचे उदाहरण. मुक्ताबाईंच्या ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी’ला कधी समस्या म्हटले जाते, ते बरोबर नाही; ते कूट आहे. कूटात कवी विसंगती मांडतो आणि श्रोता उकलतो, समस्येत नेमके उलट. उखाणा अधिक जवळचा : ‘भाजीत भाजी मेथीची’ आणि नवऱ्याचे नाव यांना जोडणारे काहीच नसते, एका यमकाशिवाय. फरक इतकाच की येथे ठरलेला भाग नाव, आणि अर्थाची कसोटी कोणी लावत नाही.

लेखक आर्थर कोस्लर यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार परस्परांशी संबंध नसलेल्या दोन विचारचौकटी एका बिंदूवर भिडल्या की विनोद, शोध किंवा कला निर्माण होते. चाणूराच्या श्लोकाला ही चौकट बसते, सिंहाच्या श्लोकाला तितकीशी नाही. तेथे भिडतात ती दोन वाक्यरचना.

उर्दूत याच जातीचा तरही मुशायरा आहे. दिलेला ‘मिसरा-ए-तरह’ (नमुन्याची ओळ) वृत्त, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर तसेच येणारे शब्द) तिन्ही ठरवतो आणि सर्व शायर त्याच जमिनीत, म्हणजे त्याच साच्यात, गझल लिहितात. मराठी गझलकारही असे मुशायरे भरवतात. गझलेत तो मिसरा प्रत्यक्ष घेऊन त्याला आपली ओळ जोडली, तर त्या जोडणीला ‘गिरह’, म्हणजे गाठ, म्हणतात.